रुपयाला नऊ शेर

गेल्या आठवड्यात आमच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. सोलापूरहून आलेला पेपर एकजण मोठ्यानं वाचत होता. शहरात राहणाऱ्या पोलिसांना पगार पुरत नाही, घरभाडं आणि धान्य परवडत नाही, त्यांचा महागाई भत्ता वाढवावा, असं काहीतरी त्यात होतं. वाचणाऱ्यानं पेपर मांडीवर आपटला.

"ह्यांला कामून पायजे भत्ता? ह्यांचा भत्ता बाजार देतोय की रोज!"

सगळे हसले. मीही हसलो.

हसून झाल्यावर वर बघितलं तर बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, माझं हसणंसुद्धा. ती नुसती बघून आत गेली. ते बघणं मी वीस वर्षांहून जास्त काळ ओळखतो. ते कधी सुरू झालं तेही मला माहीत आहे. त्याबद्दल आजवर मी कुणाशी बोललो नाही. आता लिहितो. यात माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी सांगणार नाही.

निजामाच्या राज्यात, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, बिदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी कारकून होतो. गावाचं नाव लिहीत नाही. गाव रेल्वेवरचं. तिथूनच कल्याणीला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, आणि पुढं उमरग्यावरून सोलापूरकडं जाणारा गाडीरस्ता निघायचा. या रस्त्यानंच आमचं गाव महाग केलं होतं. सोलापूरच्या बाजूला इंग्रजांचा कलदार रुपया मिळायचा आणि तो आमच्या हाली रुपयापेक्षा भारी होता. त्यामुळं गावात आलेलं धान्य गावात थांबतच नसे. पोती गाडीत चढायची आणि जायची. मागं राहील ते गावानं वाटेल त्या भावानं घ्यायचं.

आणि पगार? कचेरीचा असो की पोलिसाचा, तो हाली रुपयातच यायचा. रानातल्या वस्तीवर नेमलेल्या जवानाला जेवढा, तेवढाच या गावातल्या जवानाला. वस्तीवरच्या माणसाला खोली फुकट, सरपण फुकट, जवारी दारात. इथं तेलघाण्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीलासुद्धा भाडं. हे ठरवणाऱ्यांना बाजारात पाऊल टाकायची वेळ कधी आली नसावी. आली असती तर जीभ टाळ्याला चिकटली असती.

माझ्याकडं एक काम होतं. दर बाजाराच्या दिवशी निरखनामा लिहायचा. निरखनामा म्हणजे जवारी, तूर, तेल, मीठ, सरपण यांच्या भावांची यादी. त्या काळी भाव रुपयाला इतके शेर असा सांगत. शेर जास्त तितकी स्वस्ताई. यादीची एक प्रत बिदरला जायची, एक चावडीच्या भिंतीवर चिकटवायची. वर उर्दू, खाली मोडी.

भाव काढायला मी बाजारात जायचो ते असा: पुढं पट्टा-बिल्ला लावलेला चपराशी, मागं मी, बगलेत वही. आमच्या गावातला सगळ्यात मोठा आडतवाला मला लांबूनच हाक मारायचा. सगळं गाव त्याला अप्पा म्हणायचं. अप्पा गादीवर जागा करून द्यायचा, पान पुढं करायचा.

"लिवा मुनशीजी. जवारी, रुपयाला नऊ शेर."

"नऊ?"

"इश्वास न्हाई? ह्ये बगा." तो मापाड्याला हाक मारायचा. "अरं, मुनशीजींच्या घरी पोतं टाक. नऊ शेरानं हिशोब कर. पैशे घे, पावती दे. फुकट द्यायलो न्हाई बगा मी!"

मी पैसे द्यायचो, पावती घ्यायचो आणि छाती पुढं काढून कचेरीत यायचो. मी लाच घेत नव्हतो. पावती होती माझ्याकडं. माझ्या घरात येणारी जवारी रुपयाला नऊ शेरच होती, मग वहीत दुसरं काय लिहिणार? कितीतरी महिने मी असा प्रामाणिक माणूस होतो. निरख लिहिणाऱ्याला बाजार खरा भाव सांगत नाही, त्याला निरखाचाच भाव मिळतो, एवढं साधं मला कळलं नाही. कळून घ्यायची गरज नव्हती. पोट भरलेलं होतं.

कळलं ते बायकोकडून.

आमच्या गल्लीच्या आडावर एक नवीन बाई पाण्याला येऊ लागली होती. पोलीस चौकीत नवा जमादार बदलून आला होता, त्याची ती बायको. दोन लेकरं. तेलघाण्यामागच्या त्या खोलीत राहायची. माहेर मन्नाएखेळ्ळीचं. तिची माझ्या बायकोशी चांगली ओळख झाली होती. एके दिवशी बायको घागर खाली ठेवायच्या आतच मला म्हणाली,

"आपल्यात जवारी नऊ शेरानं येती न्हवं?"

"हो. का?"

"जमादारीण इचारायली होती, अक्का, तुमच्यात कशी आणलाव म्हणून. मी म्हणलं नऊ शेर. तर ती हसायलीच लागली. म्हणली, काय चेष्टा करायलाव अक्का गरिबाची! ती पाच शेरानं आणती. त्यातबी खडे. दुकान तेच, अप्पाचंच."

मी पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"तिला पाच आन आपल्याला नऊ, ते कामून?"

"तू तिला आपला भाव सांगत जाऊ नकोस," मी म्हणालो.

पुढं जे झालं त्याची सुरुवात या वाक्यापासून झाली असं मी मानतो. मला प्रश्न विचारला गेला होता आणि मी उत्तर न देता तोंड बंद करायला सांगितलं होतं. तेही घरच्या माणसाला.

या जमादाराबद्दल आता सांगतो. चाळिशीचा, उंच, हाडकुळा. आळंद तालुक्यातला, कडगंचीच्या बाजूचा. बाप मेंढरं राखायचा, भाऊ शेती करायचे. मराठी, कानडी, दखनी तिन्ही बोलायचा आणि तिन्हीत सारखाच तुटक. अंगरख्याची पितळी बटणं चिंचेनं घासून घासून त्यानं लखलखीत केली होती. बाजारात भाजी घेतली की पैसे द्यायचा. चौकीतले बाकीचे जवान पिशवी पुढं करायचे आणि ती भरून मिळायची. हा मात्र पैसे मोजायचा. त्याबद्दल त्याला मान मिळाला असं कुणाला वाटेल. छे! भाजीवाल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "जमादार पैशे द्यायलाय म्हंजी खोटेच असतील गं, बग जरा." रस्त्यात गाडी लावली की हा हुसकायचा, आणि बाकीच्यांसारखा दोन मुळ्यांवर मिटवायचा नाही, म्हणून त्याच्यावर राग. लाच खाणाऱ्याला शिव्या देणारं आमचं गाव, न खाणाऱ्याची टिंगल करत होतं.

मी एकदा त्याला विचारलं होतं, जमादार, थोडं इकडंतिकडं चालतंच की, एवढं कशाला? तो म्हणाला, "आमचं मेंढरू दुसऱ्याच्या रानात शिरलं की रानवाला मारायचा न्हाई. आमचा बाप मारायचा. सवय लागली, मुनशीजी."

पहिलं वर्ष त्याच्या बायकोच्या माहेरून जवारीचं पोतं आलं. दुसऱ्या वर्षी तिकडंही सरकारनं धान्य वसूल केलं आणि पोतं आलं नाही. जमादारीण आडावर यायची ती हळूहळू बारीक होत गेली. माझी बायको मला सांगायची. मी ऐकायचो आणि निरखनामा लिहायचो. रुपयाला नऊ शेर.

मग हैदराबादहून एक हुकूम आला. ज्या गावांत निरख फार चढला आहे, तिथल्या पोलीस जवानांना आणि जमादारांना पगारावर गिरानी भत्ता, म्हणजे महागाईचा भत्ता, मिळेल. गाव महाग की स्वस्त हे मागच्या निरखनाम्यांवरून ठरायचं. एक कोष्टक भरून बिदरला पाठवायचं. ते भरायचं मी.

मी पेशकारांकडं गेलो. पेशकार म्हणजे तहसीलदारांच्या खालोखालचा माणूस, आमच्याच गल्लीत राहणारा. मी म्हणालो, "बाजारात पाच शेरच मिळते असं ऐकतो. कोष्टकात काय लिहू?"

त्यांनी चष्मा काढला. कचेरीत बाकीचे सगळे अर्धं दखनी बोलत, तेही तसंच बोलले.

"मियाँ, नऊ शेर हा भाव सरकारनं ठरवून दिलेला. तू पाच लिहिलास, तर वरून इचारतील, ठरलेल्या भावानं विक्री कामून होत न्हाई? साहेबांस्नी जवाब द्यावा लागंल. साहेब मला धरतील, मी तुला. आन तू अजून हंगामीच हायस ना?"

"हो."

"मग? पोलिसाच्या पोटाची फिकीर तुला कामून? ते काय उपाशी मरनेवाले लोकां हैं क्या?" आणि हसून चष्मा लावला.

माझी नोकरी हंगामी होती. कायम होण्याचा कागद पेशकारांच्या पेटीत होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही, फक्त झालं ते सांगतो. मी जागेवर आलो, मागच्या वह्या काढल्या आणि कोष्टक भरलं. नऊ, नऊ, नऊ. अक्षर माझं सुंदर होतं. तेव्हा सगळे वाखाणायचे. आज ते आठवलं की बोटं ठेचावीशी वाटतात.

आमचं गाव स्वस्त ठरलं. भत्ता मिळणाऱ्या गावांच्या यादीत ते आलं नाही.

चौकीत बाकीच्यांनी खांदे उडवले. त्यांच्या पिशव्या भरतच होत्या. फरक पडला तो एकालाच. तो दुसऱ्या दिवशी भर दुपारी कचेरीत माझ्यापुढं येऊन उभा राहिला. टोपी काखेत.

"मुनशीजी, एक इचारायचं हाय."

"बोला जमादार."

"तुमच्या कागदातली जवारी कुठल्या दुकानात मिळती तेवढं सांगा. मी तिथं जातो."

शेजारचे दोन कारकून तोंड खाली घालून हसले. ते मला हसले की त्याला, कळलं नाही, पण कानशिलं तापली. खरं म्हणजे मी तेव्हा त्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, की जमादार, कागद खोटा आहे. मी काय म्हणालो?

"अप्पाच्या दुकानात मिळते. मी स्वतः घेतो. माझ्याकडं पावती आहे."

"मला पाच शेरच देतोय की."

"तुम्ही निरखाच्या भावानं मागितली का कधी? सरकारी भाव आहे तो. चावडीवर लावलेला आहे. मागा, द्यावीच लागेल त्याला."

हे मी चिडून, त्याला वाटेला लावण्यासाठी बोललो. त्यानं मग मान हलवली.

"व्हय. ते बी खरंच. मागूनच बगतो."

टोपी घालून तो गेला, आणि त्याची पाठ दिसेनाशी व्हायच्या आत मी दुसऱ्या कागदावर वाकलो होतो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो अप्पाच्या दुकानात गेला. मी तिथं नव्हतो. पण गावातल्या इतक्या माणसांनी मला ते सांगितलं आहे की मी समोर उभा होतो असंच वाटतं. त्यानं गादीवर दोन हाली रुपये ठेवले.

"अप्पा, अठरा शेर जवारी घाला."

अप्पा हसला. "जमादार, धा शेर व्हतेत दोन रुपयाचे."

"चावडीवर नऊ शेर लिवलंय."

"ते चावडीवर. दुकान इथं हाय."

"मुनशीजी म्हणले, मागा, मिळंल. मागायलोय."

दुकानात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "चावडीच्या भिंतीलाच दळून खा म्हणावं जमादाराला!" जमादार हसला नाही. मापाडी जागचा हलत नाही असं बघून त्यानं स्वतःच शेराचं माप उचललं आणि उघड्या पोत्यातली जवारी पिशवीत मापायला लागला. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यानंही तसंच मोठ्यानं मोजलं. "लाभ. दोन. तीन. च्यार." अठरापर्यंत. मापावर शीग लावली नाही, माप दाबलं नाही. मग पिशवीचं तोंड बांधलं.

तेवढ्यात हसणाऱ्यांपैकीच एक बाई पुढं आली आणि ओटा धरून म्हणाली, "अप्पा, मलाबी त्याच भावानं द्या की. ह्यो घ्या रुपाया." मागून आणखी दोघं. मग चार. पदराच्या गाठी सुटू लागल्या. अप्पानं गादीवरून उठून दुकानाच्या फळ्या लावल्या.

जमादाराची अठरा शेर जवारी अप्पाला जड नव्हती. असली पोती तो उंदरांना घालत होता. त्याला धडकी भरली ती त्या पदराच्या गाठी बघून. सगळं गाव चावडीवरचा भाव मागायला लागलं तर? म्हणून त्या माणसाला मोडायचं ठरलं. दुपारच्या आत अप्पाची फिर्याद चौकीत पोचली: जमादारानं वर्दीचा धाक घालून, दोन रुपये फेकून, जबरदस्तीनं माल उचलला.

चौकीचा मुख्य अधिकारी अमीन होता. वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. पंचनाम्यासाठी त्याला भावाचा दाखला हवा होता, आणि तो देणार निरख लिहिणारा कारकून. मला बोलावणं आलं. निघताना पेशकारांनी मला दारात अडवलं.

"निरख नऊ शेर हाय म्हणशील तर अप्पाची फिर्याद खोटी ठरंल. पाच हाय म्हणशील तर तुझा निरखनामा खोटा ठरंल. दोन्ही नक्को." त्यांनी आवाज उतरवला. "निरखनाम्यात साधी जवारी लिवलेली असती. शाळू वेगळी. पांढरी, उंची. तिचा भाव निरखनाम्यात न्हाई. त्यानं शाळू उचलली. समज्या?"

मी समजलो. इतक्या चटकन समजलो की त्याचीच आता लाज वाटते.

चौकीच्या ओसरीवर ती पिशवी तोंड उघडून ठेवली होती. अमीन खुर्चीवर, अप्पा बाकावर, तीन पंच भिंतीला टेकून: अप्पाचा मापाडी, एक गाडीवान, एक तेल-मिठाचा छोटा दुकानदार. जमादार उभा. बटणं चकचकीत.

आणि पिशवीत पिवळी जवारी. खरिपाची, हलकी, कीड लागलेली पिवळी जवारी. आंधळ्यानंही हात घालून ओळखावी अशी. शाळू मोत्यासारखी पांढरी असते. आमच्या भागातलं शेंबडं पोरही या दोन्हीत चुकत नाही.

अमीन म्हणाला, "मुनशीजी, नीट ऐका. ही साधी जवारी असंल तर भाव नऊ शेर. दोन रुपयाला अठरा. मग ह्यानं रास्त पैशे देऊन माल घेतला, गुन्हा न्हाई, मी फिर्याद काढून टाकतो. उंची माल असंल तर वर्दीतली लूट. मला वर पाठवावं लागंल, ह्याची नोकरी जाईल. तुमी दाखला देनार. बोला."

एवढं सरळ त्यानं सांगितलं. माझ्याकडं बघत, जवळजवळ विनवत. त्याला जमादाराला सोडायचं होतं, फक्त स्वतःच्या अंगावर न घेता. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द खराही होता. पिवळी.

जमादारानं पिशवीत हात घातला, मूठभर जवारी काढली आणि माझ्यापुढं तळहात उघडला. काही दाणे बोटांतून खाली पडले.

"मुनशीजी, ही शाळू हाय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच मी नाही म्हणणार असं वाटत होतं. मीच त्याला पाठवलं होतं ना! हे तिथं अमीनाला तेवढं माहीत नव्हतं. आणि जमादारानं ते त्याला सांगितलं नाही. मुनशीजींनीच मागायला सांगितलं, असं एकदाही म्हणाला नाही. दुकानात म्हणाला होता, तिथं त्याला ते अभिमानाचं वाटलं होतं. इथं मला अडचणीत आणणारं आहे हे त्याला कळत होतं.

मी त्याच्या तळहाताकडं बघितलं आणि म्हणालो, "व्हय. शाळू हाय."

मी कचेरीत नेहमी शुद्ध बोलायचो. त्या वेळी तोंडातून त्याचीच भाषा निघाली.

तो हात तसाच धरून उभा राहिला. मग सगळे दाणे जपून पिशवीत परत टाकले, तळव्याला चिकटलेला एक दाणासुद्धा नखानं काढून टाकला. अप्पानं पानाची पिंक टाकली. अमीनानं पंचांना पुढं बोलावलं. दुकानदारानं सही केली, मापाड्यानं आणि गाडीवानानं अंगठे उठवले. तिघंही रोज पिवळी भाकर खाणारे. गाडीवानाची बायको तर त्या सकाळी दुकानाच्या ओट्याशी रुपया धरून उभी होती. अंगठ्याची शाई भिंतीला पुसत गाडीवान म्हणाला, "पोलीसच ते. आज न उद्या खानारच व्हता."

हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं. तेही लिहितो. तिथं उभा राहून, खोटा दाखला देऊन, मला क्षणभर हायसं वाटलं, की हो, पोलीसच तो, खाणारच होता.

जमादार बडतर्फ झाला. मी कायम झालो. दोन्ही कागद एकाच टपालानं आले असं नाही, पण फार अंतर नव्हतं. त्यानं वर्दी आणि बटणं चौकीत जमा केली. बायको-लेकरांना घेऊन मन्नाएखेळ्ळीला सासुरवाडीत गेला. कुणाच्या रानात मजुरी करतो एवढं पुढं कानावर आलं. नंतर निजामाचं राज्य गेलं, माणसं इकडची तिकडं झाली, आणि मी चौकशी केली नाही. करता आली असती. मन्नाएखेळ्ळी म्हणजे काही समुद्रापलीकडं नाही. तिथून बस जाते, मी कितीदा त्या बसमधून गेलो आहे आणि ते गाव आलं की डोळे मिटून घेतले आहेत.

त्या नोकरीवर मी आजवर जगलो. नव्या राज्यात मलाही महागाई भत्ता मिळतो. निरख वाढला की तोही वाढतो. कुणीतरी कुठंतरी भाव लिहितो आणि मला पैसे मिळतात. तो भाव खरा लिहितो की खोटा, कोण जाणे. सही करून पैसे घेताना माझा हात एकदाही थबकला नाही. थबकतो असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

पोलीस खातात. मला माहीत आहे. मी चौकीशेजारी आयुष्य काढलं. पण जो खात नव्हता त्याचं काय केलं आपण? त्याला पाच शेराच्या गावात नऊ शेराचा पगार दिला, आणि तो नऊ शेर मागायला गेला तेव्हा त्याला चोर ठरवून हाकलला. खाणारे चौकीत राहिले, पेन्शनीवर गेले. आणि आता ओट्यावर बसून आपण हसतो, की ह्यांचा भत्ता बाजार देतो. द्यायला लावलाच आपण. सगळ्यांनी अंगठे उठवले आहेत. दाखला मी दिला आहे.

पंचनाम्याच्या दिवशी मी घरी आलो तेव्हा बायकोनं चूल पेटवलेली होती. आडावरून बातमी माझ्या आधी पोचली होती. जमादाराच्या बायकोनं माझ्या बायकोला काही विचारलं का, ती रडली का, मला माहीत नाही. बायकोनं कधी सांगितलं नाही. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो. तिनं ताट वाढलं. आमच्या घरची जवारीही अप्पाच्याच दुकानातली, त्याच राशीतली, रुपयाला नऊ शेराची. ताटात भाकरी होती. हळदीचा हात लागल्यासारखी पिवळी.

तिनं ती माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली,

"शाळूची हाय. खावा."

मी खाल्ली.